जड, हलकं आणि सारखं

कुसुमताई,

दुसरीचा वर्ग सध्या माझ्याकडं आहे. पहिलीही आहे, आणि माझी तिसरी-चौथी तर आहेच. तुमच्या जागी कुणीतरी येईल असं वरून सांगतात, कधी ते सांगत नाहीत. तोवर मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात खुर्ची टाकून बसतो. एका कानात पाढे, दुसऱ्या कानात बाराखडी. त्यातच मोबाइलवर माहिती भरायचे निरोप येत राहतात. संध्याकाळी उसाच्या ट्रॅक्टरांच्या मागं मागं पारगावचा पूल ओलांडून केडगावला घरी पोचतो, तेव्हा अंगात बोलण्याएवढाही जीव उरलेला नसतो. आधीच मी कमी बोलणारा. बायको म्हणते, आता तर तुम्ही भिंतच झालात.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. तुमची नोकरी, तुमची बदली, तुम्हाला मिळालेली सन्मानपत्रं, हे सगळं माझ्या आधीच्या लोकांनी सांगून झालं होतं. मी उभा राहिलो, "ताई आणि मी बरीच वर्षं एका शाळेत" एवढं म्हणालो आणि थांबलो. लोकांना वाटलं, सरांचा गळा दाटून आला. कुणीतरी पाण्याचा पेला पुढं केला. तसं नव्हतं, ताई. मला एकदम आठवलं की आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि विहारात, तुमच्या फोटोसमोर, एवढ्या लोकांदेखत ते पुढं सुरू करता येणार नाही. म्हणून खाली बसलो.

भांडण राहिलं तर राहू दे. दोन मास्तरांची भांडणं कुठं संपतात? पण धडा अर्धा राहिलाय, त्याचं काय करू? तुम्ही त्या शुक्रवारी छातीत जळजळतंय म्हणून लवकर निघालात, तेव्हा दुसरीच्या पोरांच्या डोक्यात 'सारखं' म्हणजे काय हे उलटं बसलेलं होतं. ते सरळ करायचं तुम्ही सोमवारवर टाकलं होतंत. तुमचा सोमवार आता माझ्याकडं आलाय. तो तुमच्या रीतीनं शिकवायचा की माझ्या, हेच मला ठरवता येत नाही.

तुमच्याकडं हा वजनाचा धडा कधी पुस्तकाच्या पानापासून सुरू व्हायचा नाही. एका मुलाला पुढं बोलवायचं, डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि सांगायचं, "आता तू तराजू." तो दोन्ही हात पसरून उभा. एका तळहातावर खडू, दुसऱ्यावर डस्टर. सगळा वर्ग ओरडायचा, "डावा खाली! बाई, डावा खाली!" आणि तो पोरगा खरंच डावीकडं कलायचा. एकदा श्लोक कलता कलता धपकन पडला, तेव्हा तुम्ही चेहऱ्यावरची रेघही न हलवता म्हणालात, "तराजू मोडला. दुसरा आणा." माझी चौथी मधल्या दारातून बघत होती. त्या दिवशी माझा एकही गुणाकार झाला नाही.

मग ती गोणी. कांद्याच्या टरफलांनी टम्म फुगलेली गोणी एका बाजूला, आणि कुणाच्या तरी वडलांनी कंपनीतून आणलेलं मुठीत मावणारं लोखंडी बेअरिंग दुसऱ्या बाजूला. "जड काय?" असं विचारलं की अख्खा वर्ग गोणीकडं बोट करायचा. तुम्ही कधी चूक म्हणाला नाहीत. "उचल," एवढंच. ओवीनं गोणी एका बोटानं उचलली आणि रागानं लाल झाली. तळेगावच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईची पोर ती, फसवणूक तिला सहन होत नाही.

"बाई, फसवलंत!"

"मी न्हाई गं. तुझ्या डोळ्यांनी फसवलं तुला. हाताला विचार जा."

ग्रॅम-किलोचं नाव तुम्ही आठवडेच्या आठवडे काढायचा नाहीत. जड, हलकं, सारखं. सारखं, हलकं, जड. मला घाई व्हायची. चाचणी तोंडावर आलेली, कागदावर प्रश्न ग्रॅमचेच असणार. मी दारातून म्हणायचो, "ताई, ग्रॅम कधी?" तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "ग्रॅम कुठं पळून चाललाय, सर? आधी हात शिकू द्या."

तो बैलाचा किस्सा तुम्ही गावभर सांगितलात, हे मला ठाऊक आहे. माझ्या चौथीतल्या एकानं बैलाचं वजन चार किलो लिहिलं होतं. ग्रॅमचे किलो करताना शून्यं मोजण्यात तो वर्गात पहिला. तुम्ही ती वही हातात घेऊन त्याला म्हणालात, "मग संध्याकाळी काखेत मारून ने रे बैल घरी, दावं कशाला पाहिजे?" पोरगं पोट धरून हसलं. मीही हसलो. नंतर दोन दिवस मात्र मी त्याला शाळेतली एक-एक वस्तू उचलायला लावत होतो, तुम्ही बघत नसताना.

आणि तुमचा तो तराजू. कपडे अडकवायचा हँगर, दोन्ही टोकांना दोऱ्यांनी बांधलेले श्रीखंडाचे रिकामे डबे, मधोमध खिडकीच्या गजाला टांगलेला. तो काही केल्या सरळ राहायचा नाही, उजवा डबा किंचित खाली जायचा. तुम्ही डाव्या डब्याच्या बुडाला ओल्या मातीचा गोळा चिकटवलात, थोडा खरवडलात, पुन्हा चिकटवलात. "ह्याला पासंग म्हणायचं," मुलांना सांगितलंत. "तराजू आधी रिकामा सरळ पाहिजे. न्हाईतर पुढं सगळं खोटं." तो गोळा तुम्ही नखानं खरवडत होतात, आणि पोरं श्वास रोखून बघत होती. मी एवढी पुस्तकं वाचतो, पण वाचताना मला असं कुणी बघत बसल्याचं आठवत नाही.

मग मी बाजार भरवला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगतो. पोरांनी घरची मेथी, कांदे, लिंबं, शेवग्याच्या शेंगा आणल्या. पटांगणात पोती अंथरली. आया आल्या, दोन-चार आबा-आप्पा आले. बिबट्याच्या भीतीनं एरवी घोळका करून येणारी आणि घोळक्यानंच घरी पळणारी पोरं त्या दिवशी मोकळी हिंडली. ओवीनं आईचा हातातला तराजू आणला होता, वजनांसकट. तिच्यापुढं सगळ्यात जास्त गर्दी.

तुम्ही तिच्याकडं कांदे घ्यायला बसलात. तिनं एका पारड्यात वजन टाकलं, दुसऱ्यात कांदे. दांडी सरळ झाली. तुम्ही म्हणालात, "झालं की. दे."

"न्हाई बाई, अजून बसलं न्हाई." तिनं वर एक कांदा टाकला. कांद्याचं पारडं खाली गेलं, तेव्हा कुठं तिनं मान हलवली.

"अगं, मघाच सारखं झालं होतं. सरळ दे."

"सरळ दिलं तर आई मारंल, बाई!"

सगळा बाजार हसला. मी तर सगळ्यात मोठ्यानं. एकट्या तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तो वरचा कांदा उचलून ओवीच्या ढिगात परत ठेवलात, आणि ओवीचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या शुक्रवारी, तुम्ही वर्गात विचारलंत, "दोन्हीकडं सारखं कधी म्हणायचं?" आणि सगळ्या दुसरीनं एका सुरात सांगितलं, "मालाचं पारडं बसलं की!" दांडी सरळ ठेवणारा माणूस कंजूष असतो, असंही श्लोकनं वर जोडलं. त्याच्या मामानं सांगितलं होतं म्हणे.

खिचडीच्या सुट्टीत आपण ओट्यावर बसलो. तुम्ही डबा उघडला नव्हता.

"सर, माझा महिन्याचा धडा तुमच्या बाजारानं एका दिवसात विकला."

"पोरं तोंडी हिशेब शिकली, ताई."

"शिकली ना. सारखं म्हणजे एक बाजू खाली, हे शिकली."

मी म्हणालो, त्यात इतकं वाईट काय? माझे वडील केडगावच्या बाजारात पेरू विकायचे. काटा पुरा झाला की वर एक पेरू पडायचाच. गिऱ्हाइकाबरोबर लहान पोर असेल तर तो पेरू त्याच्या हातात जायचा. आता सगळीकडं आकडे दाखवणारे काटे आले, तरी आकडा पुरा झाल्यावर वर दोन मिरच्या टाकणारे हात अजून आहेत. त्या दोन मिरच्यांवर तर बाजार चालतो. माणसं तेवढ्यानं माणसात राहतात. दुसरीच्या मुलांनी हे आधी शिकलं तर काय बिघडलं?

एवढं सलग मी क्वचित बोलतो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तुमचे वडील तराजू धरणारे होते, सर. धरणाऱ्याला गोडच लागणार."

आणि मग तुम्ही ते सांगितलंत. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

"ज्वारीची काढणी झाली की आईची मजुरी खळ्यावर मिळायची. धान्यातच. मालक मापटं भरायचा आन् वर एक ओंजळ घालायचा. सगळ्यांना दिसंल अशी. कवा मोठी ओंजळ, कवा लहान. आई पदर पसरून उभी असायची. ती मापट्याकडं बघायचीच न्हाई, सर. त्याच्या तोंडाकडं बघायची. आज खुशीत हाय का न्हाई ते. मला तिथं उभं राहवायचं न्हाई. माप सरळ असलं की माणूस मापाकडं बघतो. म्हणून मी पोरांना आधी सरळ शिकवते."

तरी मी बोललो. शहाणपणाचं काही नव्हतं ते. मी म्हणालो, "पण ताई, सगळंच इतकं सरळ झालं, तर वरची ओंजळ कुणी कुणाला घालणारच नाही." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. उत्तर होतं तुमच्याकडं, मला दिसलं ते. तुम्ही तोंड उघडलंत, मग हात छातीवर ठेवून म्हणालात, "सोमवारी बोलू. आज खिचडीत तेल जास्त पडलं वाटतं, जळजळतंय." खिचडी तर तुम्ही खाल्लीच नव्हती. हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं.

रविवारी शिरूरच्या दवाखान्यातून तुमच्या लेकीचा, प्रज्ञाचा फोन आला. ती नीट बोलू शकत नव्हती. मी फोन कानाला धरून नुसता उभा होतो आणि मनात एकच वाक्य फिरत होतं, की उद्या सोमवार आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी तुमच्या आई विहाराच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाया पडलो. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"तुम्हीच का ते पुस्तकवाले सर?"

"हो, आजी."

"कुसी लई भांडायची म्हणं तुमच्यासंगं."

"हो."

"घरी येऊन सांगायची. आज सरांना असं बोलले, आज तसं बोलले. आन् हसायची सांगताना."

हे मला ठाऊक नव्हतं, ताई. तुम्ही भांडून घरी जाऊन हसायचात. मी घरी जाऊन गप्प बसायचो आणि दुसऱ्या दिवशीचे मुद्दे काढायचो.

मग मी विचारू नये ते विचारलं. दु:खात बसलेल्या म्हाताऱ्या बाईला मी खळ्यावरच्या ओंजळीचं विचारलं. त्यांना राग आला नाही. उलट जुन्या गोष्टीत त्या जरा विसावल्यासारख्या वाटल्या.

"ती खुळी व्हती, सर. घरात चार पोरं. वरचं पडलं की बरंच वाटायचं बघा. न्हाई कशाला म्हणायचं? ज्वारीला काय ठावं, खालची कोण आन् वरची कोण." पाणी वाटणारा मुलगा येऊन गेला. मग स्वतःशीच म्हणाल्या, "पर ती कवा माझा पदर धराय आली न्हाई. बाकीची यायची, दोन्हीकडून धरायची. ही तिकडं बाभळीखाली एकटी. एवढीशी व्हती, आन् मान अशी." त्यांनी आपली सुरकुतलेली मान ताठ करून दाखवली. क्षणभर मला तुम्हीच दिसलात, फळ्याकडं पाठ करून उभ्या.

तुमच्या आई माझ्या बाजूनं बोलल्या. तुम्ही असतात तर मी हे दुसऱ्या दिवशी सकाळीच, गाडी लावायच्या आधी, तुम्हाला सांगितलं असतं. तुम्ही कपाळावर हात मारला असता. आता ही बातमी मी घेऊन हिंडतोय आणि द्यायला कुणी नाही. असं जिंकणं फार थकवणारं असतं.

इथवर लिहून चार-पाच दिवस झाले होते. पुढं लिहायचं नव्हतं. आज लिहितोय, कारण आज तुमचा धडा घेतला.

घेणार नव्हतो. बेरजा घेतल्या, कविता घेतल्या, चित्रंसुद्धा काढून घेतली. पण पोरं खिडकीला टांगलेल्या तराजूकडं बघत राहतात. त्याला हात कुणी लावत नाही. आज सकाळी ओवी खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"सर, तराजू कवा शिकवनार?"

"शिकवू गं."

"बाई सोमवारी शिकवनार व्हत्या." मग जरा थांबून, समजूत घातल्यासारखं म्हणाली, "तुम्हाला येत नसंल तर आमी सांगू."

पासंगाचा गोळा वाळून गळून पडला होता. मी नवीन माती भिजवून लावली. तुमच्याएवढं सुबक जमलं नाही. पोरांनी मला डावीकडं थोडं, उजवीकडं थोडं असं करत अर्धा तास राबवलं. तिसरी-चौथीला वाचन दिलं होतं, ते कुणी केलं नाही.

सुरुवात मी माझ्या रीतीनं केली. ओवीच्या आईची वजनं मागून आणली होती. एका डब्यात वजन, दुसऱ्यात कांदे. दांडी सरळ झाली, तसा मी म्हणालो, "हे बघा, हे झालं सारखं."

आजाऱ्याकडं बघावं तसं सगळे माझ्याकडं बघत होते. मग ओवी म्हणाली, "सर, अशानं गिऱ्हाईक परत येत न्हाई."

मला हसू आलं आणि त्याच वेळी फार दमायला झालं. हे मीच शिकवलंय यांना, आणि चुकीचं शिकवलंय असंही मला वाटत नाही. आता काय सांगू? तुम्ही काय केलं असतंत ते आठवायला लागलो. तुमच्या त्या सगळ्या आठवड्यांत वर्गात वजनं कधी नव्हतीच, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वस्तूसमोर वस्तूच असायची. मी वजन काढून घेतलं आणि दोन्ही डब्यांत एक-एक कांदा ठेवला.

ओवीनं कपाळाला आठ्या घातल्या. "आता गिऱ्हाईक कोण हाय?"

"कुणीच नाही."

"मग इकनारा?"

"तोही नाही."

"मग मोजायचं कशापायी?"

खिशात भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी होती, दुपारी खायला आणलेली. ती काढली. ओवी आणि श्लोकला दोन बाजूंना उभं केलं. म्हणालो, "हा डबा ओवीचा, हा श्लोकचा. दोघांना सारखे वाटून घ्या. मी बोलणार नाही."

ओवीनं वाटायला घेतले. बाजारातला हात तिचा, सरावाचा. थोडे इकडं, थोडे तिकडं. दांडी सरळ झाली. आणि सवयीनं तिनं श्लोकच्या डब्यात वर अजून चार टाकले. श्लोकचा डबा बसला. श्लोक खूश. ओवीनं मान हलवली, आणि तेवढ्यात तिला आपला डबा वर गेलेला दिसला.

"अय्या! माझंच कमी झालं की!"

वर्ग हसला. श्लोक म्हणाला, "तूच दिलं. आता सरळ करायचं न्हाई. सरळ करनारा कंजूष!"

"ए, चल! हितं काय मी इकायला बसली का?"

कुसुमताई, मी खुर्चीत बसून होतो आणि मला वाटलं की तुम्ही मागच्या दारातून बघताय. बाजारात पलीकडच्या पारड्यात लोखंडाचं वजन असतं. ते वर गेल्यानं त्याला काही होत नाही. इथं पलीकडं ओवी स्वतः होती. तुमचा महिनाभराचा आग्रह त्या पोरीला तिच्याच शेंगदाण्यांनी समजावला, मला तोंड उघडावं लागलं नाही.

मग त्यांनी दांडी सरळ केली. ती झाल्यावर नवीन भांडण. श्लोकनं दोन्ही डब्यांतले दाणे मोजले आणि ओरडला, "सर, हिच्यात जास्त हायेत!" होतेच. ओवीकडं बारके दाणे जास्त गेले होते. ओवी म्हणाली, "तुझं मोठं हायेत. दांडी बघ की!" ते दोघं बराच वेळ एकदा दाण्यांकडं आणि एकदा दांडीकडं बघत राहिले. मोजून एक उत्तर येतंय, तोलून दुसरं. शेवटी श्लोक म्हणाला, "बरं, दांडीचं खरं." नाइलाजानं, पण म्हणाला.

त्याच वेळी खिचडीची घंटा झाली. पोरं ताटं घ्यायला पळाली. हे दोघं मात्र हलेनात. डबे गजावरून काढायचे तर दाणे सांडतील, म्हणून त्यांनी तिथंच उभ्यानं खायला सुरुवात केली. आणि खाताना, कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी दांडी सांभाळायला घेतली. श्लोकनं मोठा दाणा उचलला की ओवीनं दोन बारके उचलायचे. दांडी कलली की, "थांब थांब, आता तू खाऊ नगं, मला एक खाऊ दे." तोंडं भरलेली, डोळे दांडीवर. असं करत दोन्ही डबे रिकामे होत आले आणि शेवटी ओवीच्या डब्यात एकच दाणा राहिला. श्लोकचा डबा रिकामा, वर गेलेला.

दोघं थांबले. मी खुर्चीत पुढं सरकलो. मला वाटलं, आता विचारतील, सर, हा कुणाचा? माझं उत्तरही तयार होतं. दोन उत्तरं होती, एक तुमचं आणि एक माझं.

ओवीनं तो दाणा उचलला, बोटांत दाबला. त्याच्या दोन पाकळ्या झाल्या. एक तिनं श्लोकला दिली, एक आपल्या तोंडात टाकली, आणि दोघं ताटं घ्यायला पळाली.

शाळा सुटल्यावर मी बराच वेळ निघालो नाही. डबे पुसून ठेवले. उद्यापासून ग्रॅम सुरू करीन, चाचणी जवळ आलीय. ते मला शिकवता येतं.

पण ताई, ओवीनं आधी चार दाणे वर घातलेच होते ना? कुणी न मागता घातले होते. त्याचं काय करायचं? तुम्ही म्हणाल, घातले, पण आपलं कमी पडतंय हे कळलं तसे परत घेतले, त्यात लाज वाटली नाही तिला, तेच मला हवं होतं. मी म्हणेन, तरी पण. तुम्ही म्हणाल, तरी पण काय? तुमचं सगळं उत्तर मला पाठ आहे, सुरासकट. तरी ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.